उकलीदस मास्तरांचं मेज

मास्तर कलिंगड वाजवून घेत नसत, मोजून घेत. धोतराच्या सोग्याला त्यांनी सारख्या अंतरावर गाठी मारून ठेवल्या होत्या. सोगा कलिंगडाभोवती फिरवायचा, गाठी मोजायच्या, तोंडातल्या तोंडात काही गुणाकार करायचा आणि ढिगातलं एक उचलायचं. चिटगुप्प्याच्या बाजारातले बागवान हे बघायला हातातलं गिऱ्हाईक सोडून येत. घरी नेऊन कापलं की कलिंगड बहुतेक वेळा पांढरं निघे. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. हिशोब बराबर होता, फळ चुकलं, असं ते म्हणत.

हैदराबाद संस्थानातल्या शाळांत तेव्हा शिक्षण उर्दूतून चाले. भूमितीला उकलीदस म्हणत. गावातल्या वस्तानिया शाळेत, म्हणजे मधल्या वर्गांच्या शाळेत, मास्तर हा एकच विषय शिकवत. त्यामुळे त्यांचं खरं नाव मागं पडलं. टपालवालाही 'उकलीदस मास्तर' अशीच हाक मारत गल्लीत शिरे. मी त्याच शाळेत नवा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली मला भाड्यानं मिळाली. पहिल्या दिवसापासून ते मला 'भाडेकरू' म्हणू लागले. घरीच नव्हे, शाळेतही. भर वर्गात दार ढकलून ते 'भाडेकरू, खडू हाय का?' असं विचारत. महिन्याभरात मुलंही माझ्या पाठीमागं मला भाडेकरू मास्तर म्हणू लागली.

अंगानं ते उंच आणि वाळके होते. हात विलक्षण लांब. शिंप्यानं कितीही जपून माप घेतलं तरी शेरवानीच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपत. घरी ते मराठी बोलत, शाळेत उर्दू, बायकोच्या माहेरची माणसं आली की कन्नड. म्हशीशी मात्र फक्त उर्दू बोलत. सरकारी भाषेला ती मान देते, असा त्यांचा अनुभव होता.

कुणीही काहीही सांगितलं की त्यांचा एकच शब्द ठरलेला असे. साबित करा. ऊन फार आहे म्हटलं तरी साबित करा. एकदा शेजारच्यानं आपली म्हैस गाभण आहे असं सहज सांगितलं. मास्तर म्हणाले, साबित करा. शेजारी हसून निघून गेला. पुढं काही महिन्यांनी तो एका सकाळी ओलं रेडकू खांद्यावर घालून आला, मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "घ्या." मास्तरांनी रेडकाकडं चारी बाजूंनी बघून मान हलवली. सिद्धता मान्य झाली.

हुलसूरच्या एका लग्नात पंगत बसली होती, भात वाढून झाला होता आणि मास्तर उठून उभे राहिले. ओळ वाकडी होती. त्यांनी एका टोकाला स्वतः उभं राहून, एक डोळा मिटून, सगळ्या पंगतीला पत्रावळींसकट इकडं तिकडं सरकवलं. व्याही मंडळी रागावली, भात गार झाला, पण ओळ सरळ झाली. त्यानंतर हुलसूरकडं कुठंही लग्न निघालं की मास्तरांना पंगतीच्या पहिल्या पाटावर बसवत. यजमान म्हणत, हे बसलं की दोरी लावायचं काम न्हाई.

एवढ्या काटेकोर माणसाच्या स्वतःच्या घराची मांडणी मात्र त्यांच्या हातात नव्हती. ती त्यांच्या वडिलांच्या हातात होती.

वडिलांना सगळे अप्पा म्हणत. वय सत्तरीच्या पुढं, पण रोज शेतावर जात. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, मग सोप्यात खांबाला टेकून बसायचं. घराचा सोपा दोन पातळ्यांचा होता. वरचा सोपा पुरुषांचा आणि पाहुण्यांचा. एक पायरी उतरलं की खालचा सोपा. तिथं दळण, निवडण-टिपण, ताक घुसळणं आणि घरातल्या बायका. सासरा वर बसलेला असताना सुनेनं ती पायरी चढायची नाही, हा घराचा नियम. अप्पांच्या आईनं तो पाळला होता, बायकोनं पाळला होता. मास्तरांच्या बायकोच्या दोन मुली लग्न होऊन कल्याणीकडं नांदत होत्या, पण या घरात ती अजून सूनच होती. तिला मी अक्का म्हणत असे. बुटकी, गोल चेहऱ्याची, गुलबर्ग्याकडची बाई. बोलायला तिखट, पण अप्पांसमोर तिचा तो तिखट आवाज कुणी ऐकला नव्हता.

अप्पा सुनेशी थेट बोलत नसत. खांबाशी बोलत. "खांबा, म्हशीला पाणी दावलं का इच्यार," असं ते म्हणत आणि अक्का खालून ताकाच्या रवीला सांगे, "दावलं म्हणावं." नवरा-बायकोनंही वडिलांदेखत एकमेकांशी बोलायचं नव्हतं. त्यासाठी मास्तर माझा उपयोग करत. "भाडेकरू, शेरवानीचं बटण तुटलंय," असं ते माझ्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानं सांगत. मी काही करायची गरज नसे. संध्याकाळपर्यंत बटण लागलेलं असे.

त्या गल्लीत कॉफी फक्त याच घरात होत असे. अक्काचा भाऊ वाडी जंक्शनला रेल्वेत कामाला होता. मद्रासकडून येणाऱ्या गाडीतून तो कॉफीची पूड मिळवी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती धाडी. अक्का ती फडक्यातून गाळून, गूळ आणि म्हशीचं दूध घालून करी. सगळे तिला कापी म्हणत. अप्पांनी सुरुवातीला ती काढा समजून नाक दाबून घेतली. पुढं उशीर झाला की खांबाला विचारू लागले. दोन पेले वर जात, एक माझ्या खोलीत येई. अक्का आपली कापी चुलीपुढं बसून घेई.

मेजाचा विचार मास्तरांनी वाडीहून आणला. मेव्हण्याकडं चार दिवस राहून ते परत आले तेव्हा शाळेच्या वाटेवर त्यांनी मला थांबवलं. मेव्हण्याच्या शेजारी एक गोव्याकडचा गार्ड राहत होता. त्याच्या घरापुढं एक बुटकं मेज होतं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याची बायको, मध्ये कापी. रोज सकाळी दोघं बसून बोलत. मास्तरांनी हे खिडकीतून चारही दिवस बघितलं होतं.

काय बोलत होते, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, कोंबड्यांविषयी. सगळा वेळ? सगळा वेळ. हे सांगताना ते रस्त्यात उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा एखादा नवा सिद्धांत सापडल्यासारखा झाला होता.

"मला बी बोलायचंय, भाडेकरू," ते म्हणाले. "पोरींची लग्नं झाली, पर हिच्यासमोर दिवसाउजेडी बसून मी एकदा बी बोललो न्हाई. रातच्याला बोलावं तर अप्पांची झोप शेळीवाणी, कान उघडेच."

त्यांनी आधी सोपा मार्ग करून बघितला. एका सकाळी आपला पेला घेऊन ते पायरी उतरले आणि खालच्या सोप्यात अक्काशेजारी जाऊन बसले. अप्पांनी काही म्हटलं नाही. हातातली कापी तशीच खाली ठेवली, मुंडासं उचललं आणि शेताला गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी अक्का मला म्हणाली, "अण्णा, यांना सांगा, वर बसा. म्हातारं माणूस उपाशी जायलंय." मास्तर वर गेले. मग त्यांनी वडिलांशी वाद घातला. शरणांनी, म्हणजे लिंगायतांच्या जुन्या संतांनी, बायकांना आपल्या शेजारी बसवलं होतं, हे ज्यांच्या गळ्यात लिंग आहे त्या घरात तरी सांगावं लागू नये, असं त्यांचं म्हणणं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शरण मोठे होते," ते म्हणाले. "आपण चिटगुप्प्याचे."

मास्तर उठून अंगणात गेले. त्यांनी ठरवलं, की वर नको आणि खालीही नको. अंगणात मेज टाकायचं. अंगणाला पातळी नाही, तिथं कुणी चढत नाही आणि उतरत नाही.

गावचा सुतार अप्पांचा जुना माणूस. नांगर, तिफण, बाजेचे पाय तो वर्षाच्या धान्यावर करून देई. मेज म्हटल्यावर तो म्हणाला, मेज कचेरीत असतं, घरात करायचं तर अप्पांना विचारून करतो. मास्तर म्हणाले, मग मी स्वतःच करतो, तू हत्यारं दे. रंधा, पटाशी आणि गुण्या त्यानं दिलं. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं लाकडी साधन. इथं घोटाळा झाला. मास्तरांनी घरी नेऊन दोरी आणि खडूनं गुण्याची परीक्षा घेतली आणि संध्याकाळी सुताराच्या दारात जाऊन जाहीर केलं, की हा काटकोन नाही.

सुतार म्हणाला, त्याच्या आज्यापासून गावातली सगळी दारं याच गुण्यानं बसली आहेत.

"म्हणून एक बी दार धड लागत न्हाई," मास्तर म्हणाले.

हे खरं होतं. चिटगुप्प्यात दार लावायला खांदा लागे. पण खरं असल्यामुळंच सुतारानं हत्यारं परत मागितली आणि मास्तरांशी बोलणं टाकलं. मग मास्तरांनी हुमनाबादच्या बाजारातून जुना रंधा आणला. करवत घरचीच होती, शेतावरची, फांद्या तोडायची.

मुडबीला त्यांच्या बहिणीच्या शेतात वाऱ्यानं एक कडुनिंब पडला होता. त्याच्या फळ्या मेजाच्या पाटासाठी आल्या. पायांना ओली बाभूळ. ओलं लाकूड पाण्यात बुडवून मुरवलं की पुढं तडकत नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी फळ्यांना दगड बांधले आणि त्या घरच्या विहिरीत सोडल्या. कडुनिंब पाण्यात काय करतो याचा विचार त्यांनी केला नव्हता. आठवड्याभरात पाणी कडू झालं. भात कडू, वरण कडू, आंबील कडू. कापीचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. अप्पांनी दोन दिवस वाट बघून खांबाला विचारलं, "पाणी कडू कामून लागायलंय?" रवी जोरात फिरू लागली. मास्तरांनी सांगितलं, कडुनिंबाचं पाणी रक्ताला चांगलं असतं. अप्पा म्हणाले, "साबित कर." घरात हा शब्द दुसऱ्या कुणी वापरल्याची माझ्या आठवणीतली ती एकच वेळ. पुढचे काही आठवडे पिण्याचं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीवरून आलं. शेजाऱ्यानं तक्रार केली नाही. रेडकू त्याच विहिरीचं पाणी पिऊन वाढत होतं.

शुक्रवारी शाळेला सुट्टी. एका शुक्रवारी मास्तरांनी बाभळीचे दोन पाय कापले. मेजाची उंची एक हात, असं त्यांनी ठरवलं होतं. वाडीच्या मेजाची उंची त्यांनी स्वतःचा हात लावूनच घेतली होती, अर्थात गार्ड ड्यूटीवर गेल्यावर. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माप घेऊन त्यांनी दोन पाय केले, ते विहिरीत सोडले आणि त्याच संध्याकाळी परीक्षेच्या कामाला त्यांना बीदरला जावं लागलं. जाताना अंगणात उभं राहून त्यांनी मला मोठ्यानं सांगितलं, की बाभूळ ओली आहे तोवर राहिलेले दोन पाय कापून घेतले पाहिजेत, एक एक हाताचे.

दुसऱ्या दिवशी अप्पा शेतावर गेल्यावर अक्कानं पदर खोचला आणि करवत घेतली. तिच्या माहेरी गाडे भाड्यानं चालत. जू, दांडी, दोरखंड यांची मापं तिनं लहानपणापासून बघितली होती. तिकडं कापड आणि फुलं बोटं उघडून मोजत. लाकूड आणि दोर मूठ मिटून मोजत, कोपरापासून मुठीपर्यंत. मुंढा हात म्हणतात तो. बोटं माणसागणिक लहान-मोठी, मूठ भरवशाची, असा त्यामागचा विचार. तिनं मूठ मिटून माप घेतलं, दोन पाय कापले, दगड बांधले आणि विहिरीत सोडले.

फळ्या आणि पाय बाहेर निघाले तेव्हा आंबे संपत आले होते. चारही पाय अंगणात शेजारी शेजारी ठेवल्यावर मास्तर त्यांच्यापुढं उकिडवे बसले. दोन पाय उंच, दोन आखूड. फरक वीतभर. उंच माणसाचा उघडा हात आणि बुटक्या बाईची मिटलेली मूठ यांत जेवढा असावा तेवढा.

"भाडेकरू," ते शेवटी म्हणाले, "हाताचं माप मूठ मिटून कोण घेतं, म्हणावं?"

अक्का दारातून मलाच म्हणाली, "अण्णा, लाकूड फुलांवाणी कोण मोजतं, म्हणावं?"

मी दोघांचे निरोप दोघांना पोचले असल्याचं गृहीत धरलं.

लांब पाय लगेच कापून टाकावेत, असं मला वाटलं. मास्तरांना ते अशास्त्रीय वाटलं. आता कापलं तर पुन्हा नवी चूक होईल. आधी मेज जोडायचं, मग चारही पाय एकाच पातळीत आणायचे. ते जोडायला त्यांना पुढचे तीन-चार शुक्रवार लागले. एका टोकाला आखूड पाय, दुसऱ्या टोकाला लांब. जोडणी मात्र पक्की झाली. पायांसाठी खाचा त्यांनी पटाशीनं इतक्या हळू पाडल्या होत्या, की पाय आत गेल्यावर पुन्हा बाहेर यायला तयार नव्हते. पाटावर रंधा मारताना ते गुणगुणत. शाळेत कधी न गुणगुणलेला माणूस. अंगणभर कडुनिंबाच्या कोवळ्या पिवळ्या ढलप्या उडत आणि अक्का त्या गोळा करून धुरीसाठी ठेवी.

मेज उभं केलं तेव्हा गल्ली बघायला आली. ते एका बाजूनं वाकलं होतं. त्यावर ठेवलेला तांब्या सरळ घसरून अंगणात गेला. न बोलणारा सुतारही आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि बऱ्याच महिन्यांनी त्यानं तोंड उघडलं.

"मास्तर, हे मेज न्हाई. पाणी प्यायला वाकलेली म्हैस हाय."

सगळे हसले. मास्तरही हसले आणि म्हणाले, आता चारही पाय एका पातळीत आणतो. त्यांनी करवत लावली. वाळलेली बाभूळ लोखंडासारखी झाली होती. शेतावरच्या करवतीचे दात मुडपले, पायावर नुसता ओरखडा उठला. सुताराला हसून हसून बरं वाटलं असावं. उद्या सकाळी माझी करवत घेऊन येतो, असं सांगून तो गेला. एवढं एकच काम राहिलं होतं.

संध्याकाळी अप्पा शेतावरून आले. मेज वाटेतच होतं आणि म्हैस आत न्यायची होती. अप्पांनी आयुष्यभर शेताचे बांध घातले होते, वाकडी वस्तू त्यांच्या डोळ्यांत खुपे. त्यांनी मेज दोन्ही हातांनी उचललं, आत आणलं आणि कुठं ठेवावं म्हणून बघितलं. मग आखूड पाय वरच्या सोप्यावर टेकवले आणि लांब पाय पायरीखाली सोडले. मेज जवळजवळ सपाट बसलं. लांब पायांखाली त्यांनी दोन खापऱ्या सारल्या, तळहातानं पाट दाबून बघितला. हललं नाही.

"हितं बसायलंय की," ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यावर आपलं मुंडासं काढून ठेवलं. ते स्वतःवर खूश होते.

आता मेजाची मास्तरांकडची बाजू अक्काच्या मुठीच्या मापाची होती आणि अक्काकडची बाजू मास्तरांच्या हाताच्या मापाची. हे त्या संध्याकाळी अप्पांच्या ध्यानात आलं नाही. मास्तरांच्याही नाही. अंगणातलं मेज आत गेलं, एवढंच त्यांना दिसलं आणि ते उदास होऊन लवकर झोपले.

सकाळी अप्पांची पूजा झाली. ते खांबाला टेकून बसले. मास्तर शेरवानी घालून तयार, शाळेच्या वेळेकडं लक्ष. अक्का दोन पेले घेऊन आली आणि रोज पायरीवर ठेवी त्याऐवजी मेजावर ठेवले. मेज होतं म्हणून ठेवले. मग ती आत गेली आणि तिसरा पेला घेऊन बाहेर आली. तो तिनं मेजाच्या आपल्या बाजूला ठेवला, ताक घुसळताना बसायची माची ओढली आणि बसली. खालच्या सोप्यात, नवऱ्याच्या समोर.

मी माझ्या दारात पेला घेऊन उभा होतो. मास्तरांचा हात पेल्याजवळ थांबला. अक्काची बोटं माचीच्या कडेला घट्ट होती. अप्पांनी तिच्या पायांकडं बघितलं. पाय खालच्या सोप्यात होते. पायरी चढलेली नव्हती. मुलाकडं बघितलं. तो वरच्या सोप्यात होता, उतरलेला नव्हता. अप्पांनी तोंड खांबाकडं वळवलं.

"खांबा, मेज हितं कुणी ठेवलं, इच्यार."

रवी कोपऱ्यात होती. अक्कानं तिकडं बघितलं नाही. ती सासऱ्याकडं बघून म्हणाली, "तुमीच ठेवलं की, मामंजी."

मास्तरांच्या घरात मी तिचा तो आवाज अप्पांसमोर पहिल्यांदा ऐकला. अप्पांनी पेला उचलला. एक घोट घेतला, दुसरा घेतला. मेजाच्या पाटावर हात फिरवला. सपाट होता.

"मग बराबर ठेवलंय," ते तिला म्हणाले.

आणि पेला हातात घेऊनच ते म्हशीकडं निघून गेले.

तेवढ्यात सुतार करवत घेऊन दारात आला. त्यानं आत बघितलं, करवत पाठीमागं धरली आणि आल्या पावली परत गेला. पुढं त्याच पावसाळ्यात गल्लीतल्या तीन घरांनी त्याच्याकडून दोन पाय लांब आणि दोन आखूड असं मेज करून घेतलं. आता त्याला अप्पांना विचारावं लागत नव्हतं. गुण्या तोच होता, पण प्रत्येक घरी जाऊन तो आधी पायरी मोजे. एका सासूनं तर मेज आल्यावर सुनेच्या आधी स्वतःच माची टाकली. नवऱ्याच्या समोर ती चाळीसएक वर्षांत बसली नव्हती.

त्या सकाळी मात्र मेजाच्या दोन्ही बाजूंना शांतता होती. एवढ्या खटाटोपानंतर काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं. मास्तरांनी घसा साफ केला आणि सवयीनं माझ्याकडं मान वळवली. "भाडेकरू," ते म्हणाले. मी आत जाऊन दार लावलं. दाराला खांदा द्यावा लागला. तरी फटीतून ऐकू येत होतं.

मग मास्तरांचा आवाज.

"आपण कोंबड्या पाळायच्या का?"

"अय्य," अक्का म्हणाली. "लिंगायताच्या घरात कोंबड्या?"

आणि ती हसू लागली. आधी पदराआड, मग मोकळी. मग मास्तर हसले. मग तिनं त्यांना वाडीच्या भावाचं काही सांगितलं, त्यांनी थोरल्या मुलीचं काही विचारलं, ती म्हणाली, हे तुम्हाला कोण बोललं, ते म्हणाले, कोण बोलणार, आणि दोन्ही आवाज एकमेकांवर चढू लागले. मी शेरवानी घातली आणि रस्त्याकडच्या दारानं शाळेत गेलो.

मास्तर शाळेत कधी उशिरा आलेले नव्हते. शिपाई त्यांना फाटकात बघून घंटा देई. त्या दिवशी घंटा त्यांच्यावाचून झाली. उकलीदसचा पहिला तास मुलांनी पाट्यांवर कलिंगडं काढून घालवला. दुसरा तास सुरू झाल्यावर मास्तर आले, शेरवानीचं वरचं बटण उघडं, ओठांवर कापीचा डाग, चालण्यात घाई नाही.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक, हैदराबाद शहरातले, सफाईदार उर्दू बोलणारे, शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून विचारलं, खैरियत आहे ना, आज उशीर कसा झाला. उत्तरादाखल आजार, पाहुणा, मयत, म्हैस, काहीही चाललं असतं.

"बीवी से बातां कर रहा था, जनाब," मास्तर म्हणाले.

घरातल्या बाईचं नाव त्या खोलीत तोवर कुणी काढलेलं नव्हतं. सदर मुदर्रिसांनी चष्मा पुन्हा चढवला.

"इतनी देर?"

मास्तरांनी फळ्याची पट्टी काखेत मारली आणि वर्गाकडं वळता वळता सांगितलं, "शादी के दिन से जमा थीं."